जुनी सुपरचार्जर गाडी घेताना

भाच्याचा हट्ट म्हणून आम्ही जळगावहून धुळ्याला जुनी मर्सिडीज सी-२०० कॉम्प्रेसर पाहायला गेलो. कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा दाबतो, म्हणून गाडीला जोर येतो. टर्बो हेच काम इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर करतो.

भाच्याला पुली बदलून जोर आणखी वाढवायचा होता. आम्ही अडवले. हवा वाढली की उष्णता वाढते. पेट्रोलचे प्रमाण जुळले नाही तर इंजिनच बसते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ नोंदीविरुद्ध बदल करू देत नाही.

बंधूंनो, थान उलगडल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. इथेही इंजिन थंड असताना सुरू करवून पट्ट्याचा आवाज ऐका, चेसिस नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहा, मगच विसार द्या. विकणाऱ्यानेही नाव लगेच बदलून द्यावे. अपघात झाला तर भरपाई नोंदणीतल्या मालकावरच येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

त्या गाडीच्या बुकावर कर्जाचा बोजा तसाच होता. आम्ही सौदा सोडला. भाचा रुसला, पण गल्ला शाबूत राहिला.