साक्रीचे ऊन आणि दारातली गाडी

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी पेढीसमोर उभी राहणारी मोठी सेडान गाडी म्हणजे नुसते वाहन नसते. वडिलांनी सायकलवरून उधारी वसूल केली, मुलाने स्कूटर घेतली, पुढे धंद्याला बरकत आली आणि दारात लांबलचक, गुळगुळीत, आवाज न करणारी पेट्रोल गाडी आली. त्या गाडीत घराण्याच्या कष्टांचा इतिहास बसलेला असतो. म्हणूनच ती काढून विजेची गाडी घ्यावी, असा विषय घरातील तरुण पिढीने काढला की वडीलधारी मंडळी गप्प होतात. प्रश्न पैशांपुरता राहत नाही. तरीही व्यापाऱ्याच्या घरात प्रत्येक प्रश्नाला अखेर जमाखर्चाच्या वहीतून जावेच लागते.

समजा, अशा एका घराची गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर चालते. धुळ्याला जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर, महिन्यातून एकदा सुरत, अधूनमधून लग्नकार्य आणि तीर्थयात्रा. मोठी सेडान लिटरला १० किलोमीटर देते असे मानले, तर वर्षाला १,५०० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले, तरी खर्च दीड लाखाच्या वर जातो. तेवढ्याच धावेला विजेच्या मोठ्या गाडीस, चार्जिंगमधील गळती धरून, सुमारे ३,००० युनिट पुरतात. घरच्या विजेचा दर १२ रुपये धरला तर ३६,००० रुपये. सगळे चार्जिंग महामार्गावरच्या केंद्रांवर २२ रुपयांनी केले, तरी ६६,००० रुपये. हा फरक पडतो, कारण पेट्रोल इंजिन इंधनातील जेमतेम चतुर्थांश शक्ती चाकांपर्यंत पोहोचवते आणि उरलेली उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर तीन-चतुर्थांशाहून अधिक शक्ती कामी आणते.

खरेदीच्या वेळीही कराचे पारडे विजेकडे झुकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. विजेच्या गाडीवर तो ५ टक्केच आहे. ऐषारामात उणेपणा येईल, ही भीतीही आता उरलेली नाही. मर्सिडीजची ईक्यूएस ही विजेवरची आलिशान सेडान २०२२ पासून पुण्याजवळच्या चाकण येथे जोडली जाते आणि महिंद्राच्या नव्या विद्युत गाड्याही चाकणलाच तयार होतात.

परंतु वहीचे डावे पान पाहून उजवे न पाहणे हा व्यापाऱ्याचा धर्म नव्हे. वीज धूर सोडत नाही, हे गाडीपुरते खरे. ती कुठून येते, हा प्रश्न उरतोच. साक्रीकरांना तर तो दारातच उभा दिसतो. याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्या काळी देशातल्या मोठ्या सौर प्रकल्पांत त्याची गणना झाली. आणि खानदेशातच, भुसावळजवळ दीपनगर येथे, कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र आहे. या सर्वांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. सूर्य मावळला की त्या जाळ्यात कोळशाचा वाटा वाढतो. रात्री अकरा वाजता प्लग लावणाऱ्याच्या गाडीत बहुतांश कोळसाच उतरतो.

तरीही तुलना विजेच्याच बाजूने जाते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; १,५०० लिटरांचा हिशेब साडेतीन टनांच्या घरात. देशातील मिश्र विजेच्या एका युनिटमागे तो सुमारे ०.७ किलो असतो. ३,००० युनिटांचे दोन टनांहून थोडे अधिक. म्हणजे दोष कमी झाला, संपला नाही. तो आणखी कमी करण्याची सोय मात्र व्यापारी घराला नोकरदारापेक्षा अधिक आहे. नोकरदाराची गाडी दिवसा कुठेतरी परक्या जागेत उभी असते. व्यापाऱ्याची गाडी बहुतेक दिवस स्वतःच्या दुकानाशी किंवा गोदामाशी उभी असते आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर असते. खानदेशच्या उन्हात १ किलोवॉटच्या पॅनेलमागे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. ३ किलोवॉटचा संच वर्षाला ४,००० युनिटांहून अधिक देतो; गाडीची वर्षभराची गरज भागून थोडी वीज उरते. पीएम सूर्यघर योजनेत कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. मात्र ते राहत्या घराच्या छतासाठी आहे, दुकान-गोदामासाठी नाही.

अडचणीही मोकळेपणाने मांडल्या पाहिजेत. जाहिरातीतील पल्ला आणि रस्त्यावरील पल्ला यांत पाव हिश्शाचा फरक सहज पडतो. मे महिन्यात वातानुकूलन चालू ठेवून भरधाव गेले, तर तो आणखी घटतो. सुरत साक्रीहून सुमारे १७० किलोमीटर; जाताना कोंडाईबारी घाट उतरताना मोटर थोडी वीज बॅटरीत परत भरते, पण परतीला तोच घाट चढायचा असतो. तेव्हा बॅटरी फार मोठी नसेल, तर सुरतेत काम चालू असताना गाडी चार्जिंगला लावणे शहाणपणाचे. घरी जलद चार्जर बसवण्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. रात्री-अपरात्री आजाऱ्याला धुळ्याला न्यावे लागते, हे ध्यानी ठेवून बॅटरी कधीही निम्म्याखाली जाऊ न देण्याची शिस्त घरात असावी.

बॅटरीचाही स्वतःचा दोष आहे. तिच्यातील लिथियम आणि काही प्रकारांतील कोबाल्ट खाणींतून येते. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट नसते. खरेदी करताना ते विचारून घेता येते. वापरलेली बॅटरी गोळा करून तिचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून जी गाडी वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालते, ती घाईने बदलण्यात ना आर्थिक लाभ, ना पर्यावरणाचा. आणि जुनी ठेवून नवी केवळ शेजारी उभी केली, तर तो बदल नव्हे, परिग्रहात भर होय.

जैन घराच्या दृष्टीने आणखी एक बाब. महागड्या सेडानची आसने आणि स्टीअरिंग अनेकदा अस्सल चामड्याने मढवलेली असतात, आणि अहिंसेचे व्रत पाळणारे घर वर्षानुवर्षे त्यावर बसून दर्शनाला जाते. विद्युत गाड्यांत कृत्रिम आच्छादनाचा पर्याय अनेकदा असतो. पण गाडी विजेची आहे म्हणून ती चामडेमुक्त असेलच, असे नाही. आसन, स्टीअरिंग आणि गिअरची मूठ यांविषयी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

श्रावकाच्या १२ व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा आधीच ठरवणे. पेट्रोलची टाकी भरलेली असली की ही मर्यादा आठवत नाही. विजेची गाडी मात्र निघण्यापूर्वीच विचारायला लावते: किती दूर, कशासाठी, परत कसे? बळसाण्याला श्री विमलनाथांच्या दर्शनाला जाऊन यायला रोजची बॅटरी सहज पुरते. विनाकारण धुळ्याच्या तीन खेपा मात्र डोळ्यांत भरतात.

निर्णय त्या एका प्रश्नावर करावा: गाडी वर्षाला किती धावते आणि दिवसा कुठे उभी असते? दोन्ही उत्तरे अनुकूल असतील, तर पुढच्या दिवाळीच्या वहीपूजनाआधी गोदामाच्या पत्र्यांची लांबी-रुंदी मोजून घ्यावी. गाडीचे दालन त्यानंतर पाहावे.