विलायतेतलं मीरपूर

ओम पुरी यांनी ब्रिटिश चित्रपटांत दोन पाकिस्तानी बाप उभे केले, दोघे एकमेकांच्या अगदी उलट टोकाचे. १९९९च्या ‘ईस्ट इज ईस्ट’मधला जॉर्ज खान सॅल्फर्डमध्ये फिश अँड चिप्सचं दुकान चालवतो. बायको इंग्रज, मुलं सात, आणि त्या सातांनाही मारूनमुटकून पाकिस्तानी वळण लावायचं हा त्याचा हट्ट. थोरला मुलगा स्वतःच्याच लग्नातून पळ काढतो. त्याच्या दोन वर्षं आधीच्या ‘माय सन द फनॅटिक’मधला परवेझ टॅक्सी चालवतो, त्याला जाझ संगीत आणि व्हिस्की प्रिय. इथे हट्ट मुलाचा आहे. तो इंग्रज मुलीशी ठरलेलं लग्न मोडतो, गिटार काढून टाकतो आणि लाहोरहून मौलवी बोलावून त्याला घरात ठेवून घेतो. एका घरात बाप मुलांना मशिदीकडे ओढतोय, दुसऱ्या घरात मुलगा बापाला.

‘घाशीराम कोतवाल’ या मराठी चित्रपटातून पडद्यावर आलेल्या या नटाच्या दोन्ही भूमिका खऱ्या वाटतात, कारण दोन्ही प्रकारची घरं ब्रिटनमध्ये खरोखरच आहेत. अयूब खान-दीन यांनी ‘ईस्ट इज ईस्ट’ बरंचसं स्वतःच्या लहानपणावरून लिहिलं. दुसरी कथा हनीफ कुरेशी यांची. ‘जुने आईबाप आणि आधुनिक मुलं’ एवढ्या एका सूत्रात हा संघर्ष मावत नाही, हे या दोन बापांकडे पाहिलं की कळतं. त्याची मुळं घरापेक्षा बाहेरच जास्त आहेत : एका धरणात, कापडगिरण्यांत आणि ब्रिटिश संसदेनं केलेल्या कायद्यांत.

२०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये पाकिस्तानी वंशाचे सुमारे १६ लाख लोक राहतात. ब्रॅडफर्ड शहरात आणि त्याच्या परिसरात तर दर चार माणसांमागे एक पाकिस्तानी वंशाचा. यांतल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांचं मूळ पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागात असल्याचं मानलं जातं. तिथले पुरुष ब्रिटिश आमदानीत आगबोटींवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला जात. त्यामुळे विलायतेची वाट त्यांना आधीपासून ठाऊक होती. पण गावंच्या गावं उठली ती मंगला धरणामुळे. १९६०च्या सिंधू जल करारानंतर झेलमवर हे धरण बांधलं गेलं आणि १९६७ मध्ये पूर्ण झालं. एक लाखाहून अधिक माणसं विस्थापित झाली, जुनं मीरपूर शहर पाण्याखाली गेलं. त्याच दशकात कोयनेकाठच्या धरणग्रस्तांनी जे सोसलं ते ठाऊक असलेल्या वाचकाला याची कल्पना सहज येईल. फरक इतकाच, की मीरपूरच्या अनेकांनी नुकसानभरपाईच्या पैशातून विमानाचं तिकीट काढलं.

ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम, रॉचडेल इथल्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं हवी होती. गोरे कामगार रात्रपाळी टाळत, म्हणून ती पाकिस्तानी मजुरांच्या वाट्याला आली. एकेका घरात दहा-पंधरा पुरुष राहत. दिवसपाळीवाला कामाला निघाला की त्याच्याच अंथरुणात रात्रपाळीवाला येऊन झोपे. सगळ्यांचा हिशेब एकच : चार-पाच वर्षं राबायचं, जमीन घ्यायची, पक्कं घर बांधायचं, परत जायचं. मुहम्मद अन्वर यांनी रॉचडेलमधल्या पाकिस्तान्यांचा अभ्यास करून १९७९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं, त्याच्या नावातच परतीच्या या भ्रमाचा उल्लेख आहे. परतायचंच आहे म्हटल्यावर इंग्रजी शिकण्याची, शेजाऱ्याशी ओळख वाढवण्याची निकड कुणाला वाटणार?

परतीचं दार बंद केलं ते ब्रिटिश कायद्यानं. १९६२च्या कायद्यानं राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर बंधनं आणली. तोपर्यंत काका दोन वर्षं राबून गावी जाई आणि त्याच्या जागी पुतण्या येई. कायद्यानंतर एकदा गेलेला माणूस परत येऊ शकेल याची खात्री उरली नाही. मग पुरुषांनी गावी जाणं सोडलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. स्थलांतर रोखण्यासाठी केलेल्या कायद्यानं पाहुण्यांना रहिवासी करून टाकलं. पुढे १९७१चा कायदा १९७३ मध्ये अमलात आला आणि मजूर म्हणून येण्याची वाटही जवळजवळ मिटली. उघडी राहिली ती लग्नाची वाट.

इथून खरी ओढाताण सुरू झाली. मीरपूरमधल्या भावानं आपल्या वाट्याची जमीन सांभाळलेली, म्हाताऱ्या आईबापांना पाहिलेलं, कधी तिकिटाला पैसेही दिलेले. त्याचं ऋण कसं फेडायचं? तर आपली मुलगी त्याच्या मुलाला द्यायची. म्हणजे तो विलायतेला येईल, दोन पैसे कमावेल. बिरादरीत चुलत-मावस भावंडांची लग्नं आधीपासून होत होतीच. कायद्यानं त्या रिवाजाला व्हिसाची किंमत आणून दिली. बापाच्या दृष्टीनं हा दिलेला शब्द होता आणि शब्दात घराण्याची इज्जत होती. ब्रॅडफर्डच्या शाळेत शिकलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला मात्र दिसत होता तो सुट्टीत दोनदा पाहिलेला, तिची भाषा न कळणारा एक तरुण. दोघांपैकी कुणीही वेडं किंवा दुष्ट नव्हतं. दोघं दोन वेगळ्या हिशेबांत अडकले होते.

ठरवून केलेलं लग्न म्हणजे जबरदस्ती नव्हे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. या घरांतलीही बहुतेक लग्नं बघून, बोलून, होकार घेऊन होत आली आहेत. पण जिथे होकार विचारलाच गेला नाही, तिथे फार भयंकर घडलं. वॉरिंग्टनमधल्या सतरा वर्षांच्या मुलीचा २००३ मध्ये आईवडिलांनीच जीव घेतला. तिच्या बहिणीनं कोर्टात साक्ष दिली आणि २०१२ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘आजीला भेटायला’ म्हणून मुलीला विमानात बसवायचं आणि तिकडे निकाह लावायचा, ही पद्धत इतकी ओळखीची झाली की ‘कर्मा निर्वाणा’ ही संस्था मुलींना एक युक्ती सांगू लागली : अंतर्वस्त्रात स्टीलचा चमचा लपवा. विमानतळावरचं यंत्र वाजेल, तुम्हाला बाजूला घेतील, आणि घरच्यांच्या नजरेआड बोलण्याची एक शेवटची संधी मिळेल.

सरकार हळूहळू जागं झालं. २००५ मध्ये सक्तीच्या विवाहांसाठी खास विभाग, २००७ मध्ये संरक्षण देणारा कायदा, २०१४ मध्ये सक्तीचं लग्न हा फौजदारी गुन्हा, आणि २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाचं किमान वय सरसकट १८. पंधराव्या वर्षी पाकिस्तानात आपलं लग्न लावून दिलं गेलं, असं जाहीरपणे लिहिणाऱ्या नाझ शाह २०१५ मध्ये ब्रॅडफर्ड वेस्टमधून खासदार झाल्या.

कायद्याइतकंच, कदाचित त्याहून जास्त, या मुलींच्या उपयोगी पडलं ते धर्माचं ज्ञान. बाहेरच्यांना हे पटकन पचत नाही. आईवडिलांचा इस्लाम गावाकडचा होता : पीराचा दर्गा, बिरादरीचे रिवाज, शाळा सुटल्यावर मशिदीत अर्थ न कळता पाठ केलेलं अरबी. मुलांनी धर्म वाचला तो इंग्रजीतून, विद्यापीठातल्या मंडळांत, तुर्की, सोमाली, अरब मित्रांबरोबर. आणि मग मुली घरी येऊन विचारू लागल्या : वधूच्या संमतीशिवाय निकाह होतो, हे कुठे लिहिलंय? मुलगा मुसलमान आहे एवढं पुरेसं असताना त्याची बिरादरी का बघायची? बापाकडे याला उत्तर नव्हतं. आईच्या डोक्यावर सैलसर दुपट्टा असताना मुलगी घट्ट हिजाब बांधून कॉलेजात जाऊ लागली, त्यात भक्ती होतीच. शिवाय ‘मी वाया गेलेली नाही, मला शिकू द्या’ हा घरच्यांना दिलेला निर्वाळाही होता.

त्याच रस्त्यानं काही मुलं फार दूर, अंधारात गेली. जानेवारी १९८९ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये सलमान रश्दींचं पुस्तक जाळलं गेलं, तेव्हा पुढाकार थोरल्या पिढीचा होता. २००५च्या लंडन स्फोटांतल्या चार हल्लेखोरांपैकी तिघे मात्र वेस्ट यॉर्कशरमध्ये वाढलेले, पाकिस्तानी वंशाचे तरुण होते. कुरेशींची कथा १९९४ मध्येच छापून आली होती. तिच्यातल्या बापाची भीती ज्यांना तेव्हा अतिशयोक्त वाटली, त्यांना ती अकरा वर्षांनी पुन्हा वाचावी लागली.

मुलग्यांची गोष्ट अनेकदा राहून जाते. घरात बाप म्हणे, तू गोरा झालास. रस्त्यावर गोरी पोरं ‘पाकी’ म्हणून अंगावर येत. १९९० मध्ये नॉर्मन टेबिट या हुजूर पक्षाच्या नेत्यानं निष्ठेची कसोटीच सांगितली : क्रिकेटमध्ये तुम्ही कुठल्या संघाच्या बाजूनं ओरडता? यॉर्कशर काउंटीचं तेव्हा काय चाललं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. यॉर्कशरबाहेर जन्मलेल्याला खेळवायचं नाही, असा तिथला जुना दंडक. १९९२ मध्ये तो सैल झाला आणि क्लबचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून आला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण त्याच परगण्यात जन्मलेली, गल्लीबोळांत रोज क्रिकेट खेळणारी शेकडो पाकिस्तानी वंशाची मुलं होती, आणि ब्रिटनमध्ये जन्मलेला पहिला आशियाई वंशाचा खेळाडू, अजमल शहजाद, यॉर्कशरच्या मुख्य संघात आला तो २००४ मध्ये. यॉर्कशरचाच माजी खेळाडू अझीम रफीक यानं २०२१ मध्ये संसदीय समितीपुढे ड्रेसिंग रूममधल्या वर्णद्वेषाची हकीकत सांगितली, ती देशभर ऐकली गेली.

दरम्यानच्या काळात गिरण्या बंद पडल्या होत्या; बापांचा रोजगार गेला आणि मुलांना तो मिळालाच नाही. ७ जुलै २००१ला ब्रॅडफर्डमध्ये दंगल उसळली. पोलिसांनी छायाचित्रं प्रसिद्ध केल्यावर अनेक आईबापांनी आपल्या मुलांना स्वतः चौकीत नेऊन हजर केलं. चूक केलीस, कबूल कर, सरकार न्याय करील, हा त्या पिढीचा विश्वास होता. जवळपास दोनशे जणांना तुरुंगवास झाला, कित्येकांना चार-पाच वर्षांचा. पहिलाच गुन्हा असलेली पोरंही त्यात होती. त्या घरांत त्यानंतर बाप आणि मुलगा एकमेकांशी काय बोलले असतील, याची कल्पनाही करवत नाही.

राजकारणातही हाच पेच दिसला. एका बिरादरीचे वडीलधारे बसून मतं कुणाला द्यायची ते ठरवत आणि पक्षही त्यांच्याशीच बोलणी करत. २०१२च्या ब्रॅडफर्ड वेस्ट पोटनिवडणुकीत तरुणांनी, विशेषतः मुलींनी, ही मक्तेदारी झुगारली. मजूर पक्षाच्या हक्काच्या जागेवर जॉर्ज गॅलोवे दहा हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. गॅलोवे यांच्याबद्दल मत काहीही असो. आजोबांनी सांगितलं म्हणून शिक्का मारायचा नाही, हे त्या दिवशी नक्की झालं.

परतीचा भ्रम सर्वांत चिवट ठरला तो मृत्यूच्या बाबतीत. गावोगावच्या लोकांनी इंग्लंडात दफन समित्या काढल्या. दर घरटी वर्गणी, आणि कुणी गेलं की मृतदेह मीरपूरला पाठवायचा. पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीची विमानं कित्येक वर्षं हे काम फुकट करत. आता मुलं आईवडिलांना ब्रॅडफर्डच्याच दफनभूमीत जागा घेऊ लागली आहेत, कारण कबरीवर फुलं वाहायला मीरपूरला जाणार कोण? मीरपूरमध्ये पौंडांवर उभ्या राहिलेल्या तीन-तीन मजली कोठ्यांना वर्षाचे बहुतेक महिने कुलूप असतं.

या सगळ्यात सर्वांत ठोस बदल मोजला गेला तो ब्रॅडफर्डच्या दवाखान्यात. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ या अभ्यासात तेरा हजारांहून अधिक बाळांची नोंद झाली. जवळच्या नात्यातल्या लग्नामुळे जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट होतो, असं त्यातून पुढे आलं. त्या वेळी पाहणीतल्या पाकिस्तानी वंशाच्या मातांपैकी सुमारे ६० टक्क्यांचं लग्न नात्यात झालेलं होतं. दहा वर्षांनी शहराच्या मध्यवस्तीत पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आलं होतं. मुली जास्त वर्षं शिकू लागल्या, धोक्याची माहिती घरोघरी पोहोचली, व्हिसाचे नियम कडक झाले, आणि घरात मुलीचं मत विचारलं जाऊ लागलं.

डिसेंबर २०२४ मध्ये रिचर्ड होल्डन या खासदारानं सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नावर बंदी आणणारं विधेयक मांडलं. अशा बंदीचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी ब्रॅडफर्डचे हे आकडे नीट वाचावेत. तिथली घसरण कुठल्याही बंदीशिवाय झाली आहे. ती घडवली जेवणाच्या टेबलावर बापाशी वाद घालणाऱ्या मुलींनी, आणि सरतेशेवटी त्यांचं ऐकणाऱ्या बापांनी. सरकारला या घरांसाठी खरोखर काही करायचं असेल, तर वस्तीतल्या शाळा, आनुवंशिक आजारांबद्दल त्यांच्या भाषेत सल्ला देणारे डॉक्टर आणि घर सोडून आलेल्या मुलीसाठी निवारा, यांवर पैसे खर्च करावेत.