कवितेच्या वाचकाने गद्य कसे शोधावे?

कवितेवर जीव असलेला वाचक गद्याच्या कपाटापाशी पुष्कळदा अडखळतो. त्याच्या आवडीची पुस्तके मराठीत थोडी आहेत म्हणून नव्हे, तर ती विषयांखाली दडलेली असतात म्हणून. ग्रंथालय असो वा दुकान, पुस्तके लावली जातात ती पुराण, निसर्ग, चरित्र, प्रवास अशा विषयांवरून. या वाचकाला आधी हवी असते वाक्याची लय, आणि तिच्या नावाची पाटी कुठल्याच कपाटावर नसते. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) ही दोन्ही महाभारतातल्या व्यक्तींवरची पुस्तके, म्हणून शेजारीशेजारी उभी असतात. ‘युगान्त’ची ताकद मुख्यतः युक्तिवादाची आहे. मानवशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई कुळ, नाती आणि वारसा यांच्या धाग्यांनी माणसे उलगडत नेतात. दुर्गाबाई त्याच माणसांकडे प्रतिमांच्या वाटेने जातात. त्यांचे वाक्य निष्कर्षाची घाई करत नाही, एकेका भावाभोवती रेंगाळते. दोन्ही पुस्तके थोर आहेत, पण कवितेच्या वाचकाने आधी ‘व्यासपर्व’ उचलावे. लेखकाचे नावही दरवेळी पुरेसे ठरत नाही, कारण याच इरावतीबाईंचे ‘परिपूर्ती’ उघडले की वेगळाच, जिव्हाळ्याचा सूर ऐकू येतो.

म्हणून निवड कानावर सोपवावी. मधलेच एखादे पान उघडून ते मोठ्याने वाचावे; श्वास कुठे थांबतो, शब्द एकमेकांना कसे ओढून आणतात, हे ऐकावे. मलपृष्ठावरचा मजकूर आणि खपाच्या याद्या हे सांगू शकत नाहीत. दुसरी वाट कवींच्या गद्याची. ‘संध्याकाळच्या कविता’ लिहिणाऱ्या ग्रेस यांचे ‘चर्चबेल’ हे ललितलेखांचे पुस्तक १९७४ साली आले, आणि त्यांना २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखसंग्रहासाठी. ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या बाबतीत तर नावांनीच वाटणी केली आहे. ‘जोगवा’चे कवी आरती प्रभू एका कपाटात, ‘कोंडुरा’चे कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर दुसऱ्यात. आरती प्रभूंवर प्रेम करणारा वाचक खानोलकरांपर्यंत पोहोचलाच नाही, तर ते त्याचे मोठे नुकसान आहे.

यावर आक्षेप असा, की एका पानावर निवड केली तर नटवे, अलंकारांनी लगडलेले गद्यच जिंकेल. भीती खरी आहे; मराठी ललित लेखनात अशा लगडलेल्या पानांचा तोटा नाही. पण लय म्हणजे अलंकार नव्हे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ पाहावे. छोटी, उघडी वाक्ये, बोलण्याचा ओघ, आणि तरीही शतके उलटून कानात राहणारा ठसा. नटवे गद्य सलग दहा पाने मोठ्याने वाचले की थकवते, हीच त्याची परीक्षा. दुसरा आक्षेप, कवींच्या वाटेने गेल्यास कवितासंग्रह नसलेले लेखक निसटतील. निसटतील खरेच, आणि म्हणूनच ती वाट एकटी पुरत नाही. दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्र’सारखे, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याची झाडे, फुले, आभाळ न्याहाळणारे पुस्तक निसर्गाच्या कपाटातच शोधावे लागते.

राहता राहिला दुर्मीळतेचा प्रश्न. जुन्या आवृत्त्या दुकानात मिळत नाहीत हे खरे, पण गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत त्या अजून सापडतात. तिथे ‘काहीतरी काव्यात्म द्या’ असे मोघम मागण्यापेक्षा पुस्तकाचे नाव घेऊन मागावे, आणि लोकसाहित्याचे कपाटही टाळू नये. इंदिरा संतांची ‘मालनगाथा’ तिथेच असण्याचा संभव अधिक. त्यात बायकांच्या ओव्या आहेत आणि त्या ओव्यांना साद देणारे एका कवयित्रीचे गद्यही आहे.