नेटवर्क स्विचमधील मॅक पत्ता-कोष्टक : नोंद, साठवण आणि विस्मरण

प्रस्तावना
महाविद्यालयातील प्रयोगशाळा, ग्रंथालय व कार्यालय यांतील संगणक नेटवर्क स्विचद्वारे जोडलेले असतात. हब आलेली माहिती सर्वांकडे पाठवितो, तर स्विच ज्याची माहिती त्यालाच पोहोचवितो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि स्विचची ही क्षमता त्याच्या अंतर्गत कोष्टकावर अवलंबून असते आणि ते कोष्टक मर्यादित व तात्पुरते असते. त्यामुळे स्विचला गोपनीयतेचे साधन मानणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंद
मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. प्रत्येक फ्रेमवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. पाठविणाऱ्याच्या पत्त्यावरून स्विच शिकतो, म्हणजेच तो पत्ता कोणत्या पोर्टवर व कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे याची नोंद करतो. घेणाऱ्याच्या पत्त्यावरून तो निर्णय घेतो. नोंद सापडल्यास फ्रेम त्याच पोर्टवर जाते. न सापडल्यास ती ज्या पोर्टवरून आली तो वगळून त्या व्हीलॅनच्या सर्व पोर्टवर पाठविली जाते. शिकण्याच्या या मूळ प्रक्रियेत पत्त्याच्या सत्यतेची पडताळणी होत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

साठवण
४८ बिटांतून सुमारे २८१ लाख कोटी पत्ते संभवतात. प्रत्येकासाठी स्वतंत्र जागा राखणे अशक्य असल्याने अनेक स्विच पत्ता व व्हीलॅन क्रमांक यांवर ‘हॅश’ ही गणिती प्रक्रिया करून नोंदीची ओळ ठरवितात. उदाहरणार्थ, ८,१९२ नोंदींचे कोष्टक प्रत्येकी ४ नोंदींच्या २,०४८ ओळींत विभागलेले आहे असे मानू. पाच पत्ते एकाच ओळीत आले, तर उरलेले कोष्टक रिकामे असूनही पाचव्यास जागा मिळत नाही. अशा वेळी त्या संगणकाकडे जाणारी प्रत्येक फ्रेम सर्वत्र पाठविली जाऊ शकते.

विस्मरण
संगणक हलविले जातात, बंद होतात. जुनी नोंद कायम राहिली तर माहिती चुकीच्या पोर्टवर जाईल. म्हणून आयट्रिपलईच्या ८०२.१डी मानकाने नोंदीसाठी ३०० सेकंदांची मुदत सुचविली. त्या पत्त्यावरून फ्रेम आली की मुदत नव्याने सुरू होते. फ्रेम आलीच नाही तर नोंद पुसली जाते. संगणक दुसऱ्या पोर्टला जोडल्यास तेथून आलेल्या पहिल्याच फ्रेमने नोंद बदलते. विस्मरण हा येथे दोष नसून अचूकतेची अट आहे.

मर्यादा व उपाय
पडताळणीचा अभाव आणि मर्यादित जागा यांचा गैरफायदा घेता येतो. ‘मॅकऑफ’सारखी आज्ञावली खोट्या पत्त्यांच्या असंख्य फ्रेम पाठवून कोष्टक भरून टाकते. मुदत संपलेल्या वैध नोंदींना मग पुन्हा जागा मिळत नाही आणि विद्यार्थ्यांचे गुण किंवा शुल्काची माहिती त्याच व्हीलॅनमधील तिऱ्हाइताच्या संगणकापर्यंत पोहोचू शकते. प्रत्येक पोर्टवरील पत्त्यांची संख्या ठरवून देणारी ‘पोर्ट सिक्युरिटी’, जोडणीपूर्वी ओळख तपासणारे ८०२.१एक्स मानक आणि कार्यालय व प्रयोगशाळा यांची स्वतंत्र व्हीलॅन हे त्यावरील उपाय होत.

समारोप
मॅक पत्ता-कोष्टक हे वाहतूक सुकर करण्यासाठी केलेले टिपण आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे. कोणताही हल्ला नसतानाही नोंद नाहीशी होते आणि फ्रेम इतरांकडे जाते. म्हणून संवेदनशील माहिती नेटवर्कवर सांकेतिक रूपातच पाठविली पाहिजे. स्विच बसविला म्हणजे गोपनीयता साधली, हा समज त्यामुळे टिकत नाही.