महासाथ आणि तातडीची शस्त्रक्रिया : थांबण्याची किंमत कोणी मोजली?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की, करोनाच्या काळात करोनाने न गेलेल्या माणसांचं काय? त्यांचा हिशोब कुठे लागतो? आम्ही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच नीतीचाही आहे. म्हणून आज तो घेऊ.

सुरुवात आमच्या मुलुंडच्या इमारतीतून करतो. तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, साठीचे. त्यांना हर्निया होता. मार्च २०२० मध्ये ऑपरेशनची तारीख ठरली होती. टाळेबंदी आली, तारीख पुढे गेली. 'तातडीचं नाही, नंतर करू,' असं सांगण्यात आलं, आणि त्या दिवशी ते बरोबरच होतं. मे महिन्यात एका रात्री पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. ते दीड दिवस घरीच थांबले. 'तिकडे गेलो तर करोना घेऊन येईन,' म्हणाले. मग मुलगा घेऊन निघाला. एक नर्सिंग होम बंद. दुसऱ्याने आधी करोनाचा रिपोर्ट मागितला. तिसऱ्या ठिकाणी घेतलं, तोवर हर्नियात अडकलेलं आतडं काळं पडलं होतं. तेवढा भाग कापावा लागला. माणूस वाचला, पण पुढे कित्येक महिने पोटावर पिशवी लावून काढले.

आता बघा, यात खलनायक कोण? कोणीच नाही. आणि इथेच विचार करण्यासारखं आहे.

वैद्यकात उशिराचे तीन टप्पे मानतात. मातामृत्यूंच्या अभ्यासातून १९९४ मध्ये ही मांडणी पुढे आली. पहिला उशीर घरातला : जायचं की नाही हे ठरवण्याचा. दुसरा रस्त्यातला. तिसरा दारातला : पोहोचल्यावर उपचार सुरू होण्याचा. महासाथीने हे तिन्ही एकाच वेळी लांबवले.

घरात भीती होती. रस्त्याचं म्हणाल तर २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. १५ जूनला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. बोरिवलीच्या म्हाताऱ्या आईला घाटकोपरच्या मुलीने दवाखान्यात न्यायचं तर कसं? याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लोकल बंद असल्याने रुळांवरचे अपघात खूप घटले. २०१९ मध्ये उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून अधिक माणसं गेली होती. २०२० मध्ये हा आकडा निम्म्याहूनही खाली आला. म्हणजे एका प्रकारची तातडी कमी झाली, दुसऱ्या प्रकारची घरात दडून राहिली.

दारातला उशीर सर्वांत गुंतागुंतीचा. मरोळचं सेव्हन हिल्स करोनासाठी दिलं गेलं, गोरेगाव, दहिसर, मुलुंडला जम्बो केंद्रं उभी राहिली. ते आवश्यकच होतं. पण भूलतज्ज्ञ आणि परिचारिका काही रातोरात तयार होत नाहीत. त्या इथून काढून तिथे न्याव्या लागतात. शिवाय भूल देताना घशात नळी घालावी लागते, त्यात संसर्गाचा धोका मोठा. म्हणून पीपीई किट, आधी चाचणी, दोन ऑपरेशनांच्या मध्ये खोली मोकळी ठेवणं. अपेंडिक्सच्या काही रुग्णांना ऑपरेशनऐवजी आधी अँटिबायोटिक देऊन पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं की, अशा दहातल्या साधारण सात जणांना पुढचे तीन महिने ऑपरेशन लागलं नाही. म्हणजे थांबणं दर वेळी चूकच असतं असंही नाही, बरं का.

मग एवढी सावधगिरी कशाला? 'लॅन्सेट'मध्ये मे २०२० मध्ये २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोना झालेले १,१२८ रुग्ण, त्यांतले २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले. निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाचा त्रास झाला. पुढच्या वर्षीच्या अभ्यासाने सांगितलं की, करोनानंतर शक्य तिथे सात आठवडे थांबावं. पण पिळवटलेलं आतडं सात आठवडे थांबत नाही! पेच हा आहे : थांबलं तरी धोका, न थांबलं तरी धोका.

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, आणखी एक गोष्ट घडली. मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या संगतीने म्युकरमायकोसिस पसरला. सायनस खरवडणं, प्रसंगी डोळा काढणं, अशा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. महासाथीने जुन्या शस्त्रक्रिया अडवल्या आणि नव्या निर्माण केल्या.

आता आमच्या विषयाकडे येतो. 'ठरवून करायची' आणि 'तातडीची' अशा दोन पेट्या आपण करतो. पण या दोन जाती नव्हेत, एकाच वाटेवरचे दोन टप्पे आहेत. मार्चमधली ठरवलेली शस्त्रक्रिया मेमध्ये तातडीची झाली. म्हणून 'पुढे ढकललं' म्हणजे 'काही केलं नाही' असं नाही. ढकलणं हीसुद्धा कृती आहे, तिलाही फळ आहे. फक्त ते दुसऱ्याच्या अंगावर आणि उशिरा येतं. रोज संध्याकाळी टीव्हीवर आकडे यायचे. त्यात आमचे शेजारी कधीच नव्हते.

कायदा काय म्हणतो? १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : वेळेवर तातडीचे उपचार न देणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसा नाही ही सबब चालणार नाही. आमच्या मते महासाथीतही हा हक्क संपत नाही, तो निभावण्याची रीत बदलते. काही रुग्णालयं संसर्गापासून वेगळी, फक्त शस्त्रक्रियेसाठी राखणं. ढकललेल्यांची यादी ठेवून दर आठवड्याला फोन करणं. 'रिपोर्ट येईपर्यंत बाहेर थांबा' याऐवजी रुग्णाला करोना आहे असं धरून, तयारीनिशी आत घेणं. यातलं काहीच अशक्य नाही.

आणि आपल्यासाठी? हर्नियाची गाठ कडक झाली, दुखते आहे, उलट्या होताहेत, तर महासाथ असो वा नसो, १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

आमचे शेजारी आता बरे आहेत. परवा जिन्यात भेटले, म्हणाले, 'सर, तेव्हा कोणी एक फोन करून विचारलं असतं ना, तर मी गेलो असतो.' या वाक्यावर विचार करा. तुमचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.