गुडघा बदलायचा, की वाचवायचा?

तिकोणा गडाच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेसारख्या मावळातल्या गावात गुडघ्याचे काम चालण्यापुरते नसते. भातलावणीच्या चिखलात तासन्‌तास वावरणे, उकिडवे बसून खुरपणे, घरी मांडी घालून जेवणे, हे सारे त्याच्यावरच चालते. म्हणून ‘गुडघा बदला’ असा सल्ला मिळाल्यावर सांधा कोणत्या कंपनीचा आणि रोबो कोणत्या रुग्णालयात, ही चौकशी नंतरची. झीज कुठे झाली आहे आणि त्या गुडघ्याकडून पुढे कोणते काम हवे आहे, हे आधी ठरले पाहिजे.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. आपल्याकडे बहुधा आतला आधी झिजतो आणि पाय बाकतो. झीज तेवढीच असेल, वय कमी असेल आणि कष्टाचे काम सुटणारे नसेल, तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करणारी ऑस्टिओटॉमी करता येते. त्यात मूळ सांधा राहतो. अस्थिबंध शाबूत असतील, तर फक्त झिजलेला कप्पा, म्हणजे अर्धा सांधा, बदलता येतो. ब्रिटनमधील ५२८ रुग्णांच्या ‘टॉपकॅट’ चाचणीत ५ वर्षांनंतर अर्धा आणि पूर्ण सांधा बदललेल्यांचे दुखणे आणि कामाची क्षमता जवळपास सारखीच होती. टिकाऊपणात मात्र पूर्ण सांधा सरस आहे. २०१९ मधील ‘लॅन्सेट’च्या विश्लेषणानुसार २५ वर्षांनी पूर्ण सांध्यांपैकी सुमारे ८२ टक्के, तर अर्ध्यांपैकी सुमारे ७० टक्के टिकून असतात.

शस्त्रक्रिया टाळता येते का? डेन्मार्कमध्ये प्रत्यारोपणास पात्र ठरलेल्या १०० रुग्णांवरील चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया झालेल्यांना व्यायाम, आहार आणि औषधांवर असलेल्यांच्या जवळपास दुप्पट आराम पडला. पण गंभीर दुष्परिणामही त्यांच्यातच अधिक दिसले. दुसऱ्या गटातल्या चौघांपैकी तिघांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही.

चौकशीत वेळ गेला तर गुडघा आणखी आखडेल, हा आक्षेप खरा आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे बरेचसे तो आधी किती वाकत होता यावर ठरते. म्हणून व्यायामाने आराम पडत नसेल आणि झोपही मोडत असेल, तर वर्षानुवर्षे थांबू नये. पण काही आठवड्यांच्या विचाराने सहसा नुकसान होत नाही. ‘नवे तंत्र सगळे सोडवेल’ या आशेला पुराव्याचा आधार तोकडा आहे. जास्त वाकणाऱ्या ‘हाय-फ्लेक्स’ सांध्यांनी प्रत्यक्षात फारसा फरक पडल्याचे दिसलेले नाही. रोबोमुळे सांधा अचूक बसतो, पण तो त्यामुळे अधिक वर्षे टिकतो, हे सिद्ध झालेले नाही. सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगावे.

एक्स-रेवरून डॉक्टरांना झीज कळते, शेतातले काम कळत नाही. ते रुग्णानेच सांगितले पाहिजे. संमतिपत्रावर सही करण्याआधी उभे राहून काढलेला एक्स-रे घेऊन दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि विचारा: माझ्या गुडघ्याला याहून लहान शस्त्रक्रिया पुरेल का, आणि नसेल तर का नाही?