आधी खोबरेल, मग हिमालय

डिसेंबर उजाडला की बालवर्गांच्या भिंतींवर बर्फ पडायला लागतो. निळ्या कार्डशीटवर कापसाचे पुंजके, गाजराच्या नाकाचा हिममानव, कोपऱ्यात इग्लू आणि वर ठळक अक्षरांत ‘हिवाळा’. आदल्या रात्री आई-वडिलांनी कापूस आणि फेव्हिकॉल घेऊन जागरण केलेलं असतं. मूल सकाळी तो तक्ता सांभाळत, कुडकुडत रिक्षात बसतं. शाळेत त्याला शिकवलं जातं, की हिवाळ्यात बर्फ पडतो. बाहेर बर्फ नसतो. मग त्याच्या लेखी हिवाळा दुसऱ्या कुठल्या तरी गावाला असतो आणि सकाळी रिक्षात वाजली ती थंडी नुसतीच थंडी.

नाशिकमध्ये हे घडावं, हे जरा जास्तच झालं. राज्यात थंडीची बातमी आली की पहिलं नाव बहुधा याच जिल्ह्याचं असतं. शहरात ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश सेल्सिअस इतकं किमान तापमान नोंदलं गेलं होतं. जिल्ह्यातलं निफाड तर दर वर्षी मथळ्यात असतं. २०१८च्या डिसेंबरअखेर तिथला पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. अशा जिल्ह्यातल्या मुलांना हिवाळा शिकवायला कापूस लागू नये. इथे हिवाळा आहे, फक्त तो चित्रातल्यासारखा दिसत नाही.

रात्री थंडी, दुपारी ऊन

युरोप-अमेरिकेतल्या गोष्टीच्या पुस्तकांतला हिवाळा एकदा आला की महिनोन् महिने मुक्काम ठोकतो. आपला हिवाळा रात्री येतो आणि सकाळी दहा-अकराला निघून जातो. पहाटे दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस-तीस, हा जानेवारीतला नेहमीचा हिशेब. प्रार्थनेला अंगात असलेला स्वेटर मधल्या सुट्टीत कमरेला बांधलेला असतो आणि शाळा सुटताना बाकावर विसरलेला असतो.

याचं कारण पावसाळ्यानंतरच्या कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशात आहे. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की उष्णता वर सोडायला लागते. ढग आणि हवेतली वाफ ती उष्णता अडवतात. हिवाळ्यात दोन्ही कमी, त्यामुळे जमीन झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड असते, ती सखल भागात साचते. त्यात उत्तरेकडून कोरडे वारे आले की पारा आणखी उतरतो. निफाडचा गोदाकाठचा सपाट, मोकळा शिवार त्यामुळे सिमेंटने भरलेल्या शहरापेक्षा जास्त गारठतो.

पाच वर्षांच्या मुलाला यातलं काहीही सांगायची गरज नाही. ढग हे आभाळाचं पांघरूण, रात्री ते नसलं की जमिनीला थंडी वाजते, एवढं पुरे. बाकीचं चौथी-पाचवीत कळतं. त्याआधी त्याने थंडी नीट पाहिलेली असली पाहिजे.

बाटलीतला हिवाळा

पाहायची म्हणजे कशी? मराठी घरात यासाठी एक उपकरण पिढ्यान् पिढ्या आहे: खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. दिवाळी सरली की एका सकाळी वेणी घालताना आजी बाटली उपडी करते आणि तेल येत नाही. “जा गं, उन्हात ठेव जरा,” असं म्हणून ती नातीला गॅलरीत पिटाळते. हा धडा वर्गात आणायला खर्च जवळपास शून्य.

तीन छोट्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत खोबरेल, दुसरीत शेंगदाण्याचं तेल, तिसरीत पाणी. संध्याकाळी खिडकीत ठेवाव्यात आणि मुलांना विचारावं, उद्या सकाळी काय होईल? बहुतेक मुलं तिन्ही गोठतील असं म्हणतात किंवा एकही नाही म्हणतात. सकाळी खोबरेल पांढरं झालेलं असतं, बाकीच्या दोन्ही जशाच्या तशा. मग बाटल्या उन्हात. खोबरेल कडेकडेने पारदर्शक होत जातं, आत पांढरा गोळा सुटा होऊन हलायला लागतो आणि थोड्या वेळाने तोही दिसेनासा होतो. एकच गारवा एका वस्तूला गोठवतो आणि दुसरीला नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. शिवाय थिजलेलं पुन्हा पातळ होतं, तेही पाहिलं. बर्फ समजण्याची निम्मी तयारी इथेच झाली.

यात आणखी एक फायदा आहे. ऋतू हा वर्षभर पसरलेला प्रकार आणि चार वर्षांच्या मुलाने आयुष्यात हिवाळे पाहिलेत चार. त्यातला त्याला आठवतो जेमतेम एक. ‘दर वर्षी थंडी येते’ हे वाक्य त्याच्यासाठी पोकळ असतं. पण रोज सकाळी बाटली पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर थिजलं तर पांढरा ठिपका आणि नाही तर पिवळा ठिपका काढला, तर मार्चपर्यंत ऋतू कागदावर उमटतो. थंडी हळूहळू आली, मध्येच चार दिवस गेली, परत आली आणि मग निघूनच गेली, हे ठिपके सांगतात.

सावली मोजा

थंडी का पडते, या प्रश्नावर घरोघरी एक चुकीचं उत्तर तयार असतं: सूर्य लांब जातो म्हणून. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती त्याहून ५० लाख किलोमीटर लांब असते. खरं कारण पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. साडेतेवीस अंशांच्या या कलामुळे डिसेंबरात आपल्याकडे ऊन तिरपं पडतं आणि दिवसही लहान होतो. नाशिकला वर्षातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून किंचित कमी असतो, मोठा दिवस त्यापेक्षा जवळपास अडीच तासांनी जास्त.

आस, कल हे शब्द बालवर्गात नकोत. खडू पुरेसा आहे. नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे, म्हणून २२ डिसेंबरला भरदुपारी, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सूर्य डोक्यावर न येता दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्या वेळी पटांगणात उभ्या असलेल्या मुलाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. मीटरभर उंचीच्या मुलाची सावली सुमारे ९५ सेंटिमीटर. ती खडूने आखावी, दोरीने मापावी आणि दोरीला मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवून द्यावी. १० एप्रिलच्या आसपास त्याच वेळी पुन्हा मापलं, तर सावली वीसेक सेंटिमीटरच भरते. मे महिन्यात वीस तारखेच्या सुमारास तर नाशिकला शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा सुट्टी असते, पण अंगण किंवा गच्ची असतेच. थंडीत सावली लांब, उन्हाळ्यात आखूड, हे ज्याने स्वतःच्या दोरीने मापलं, त्याला पुढे सहावी-सातवीत कललेली पृथ्वी समजायला वेळ लागत नाही.

झाडांच्या बाबतीतही पुस्तकापेक्षा परिसर बरा. परदेशी चित्रांत आधी पानगळ आणि मग हिवाळा असा क्रम असतो. आपल्याकडे कडुनिंबाची पानगळ थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चात दिसते. काटेसावर हिवाळ्यात निष्पर्ण होते आणि उघड्या फांद्यांवर लाल फुलं घेऊन उभी राहते. चित्र पाठ केलेल्या मुलाला हे झाड चुकलेलं वाटेल. त्याला झाडाकडे न्यावं आणि दर पंधरा दिवसांनी त्याच फांदीचं चित्र काढायला लावावं.

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्याचा पायाच हा होता. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, बांबू यांतून साधनं घडवली. परिसर हेच साधन, ही गोष्ट महाराष्ट्राने त्यांच्याकडून शिकली आणि ऋतूंच्या तक्त्यावर आली की विसरली.

बर्फ सांगावा पाहुण्यांनी

मग बर्फ सांगायचाच नाही का? जरूर सांगायचा. पण त्यालाही नाशिकमधूनच रस्ता आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. अभयारण्य जुनं, २०२०च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. थंडीत इथे तलवार बदक, थापट्या यांसारखी बदकं उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येतात.

ती का येतात, हे वर्गात दाखवता येतं. पातेल्यात पाणी घेऊन त्यात भिजवलेले हरभरे टाकावेत आणि ते फ्रीझरमध्ये गोठवावं. दुसऱ्या पातेल्यात तेच हरभरे साध्या पाण्यात. मुलांनी चमच्याची चोच करून दोन्हींतून दाणे काढायचे. एका पातेल्यात चमचा टण् टण् वाजत राहतो, दुसऱ्यात दाणे सहज हाती येतात. इथे ताईंनी सांगावं, की या बदकांच्या गावची तळी अशीच गोठतात, म्हणून ती आपल्याकडे जेवायला येतात. बर्फ म्हणजे नुसती मज्जा आणि हिममानव नाही, कुणाची तरी उपासमारही आहे, हे चार वर्षांच्या मुलाला एका पातेल्यातून कळतं. या बदकांच्या दृष्टीने नाशिक हे उबदार ठिकाण आहे, हे कळलं की मुलं हटकून हसतात. थंड आणि गरम हे कुणाच्या तरी तुलनेत असतं, ही समज तशी मोठ्यांनाही उशिराच येते.

घरात आहे ते शाळेत आणा

संक्रांतीच्या आसपास घरांत जे चालतं, तो तर तयार अभ्यासक्रमच आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी; तिच्यात वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, म्हणजे त्या महिन्यात शेतात जे आहे ते सगळं. बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावरून ओततात ती बोरं, उसाची कांडकी, घाटे, चुरमुरे. तिकडे येवल्यात पतंग आणि आसाऱ्या घेऊन सगळं गाव गच्चीवर असतं. वर्गात सगळे जिन्नस परातीत मांडून वास घ्यावा, साल काढावी, बी मोजावी. संक्रांतीला काळे कपडे का, हेही करून पाहता येतं: एक काळा आणि एक पांढरा कापडाचा तुकडा अर्धा तास उन्हात ठेवून हात लावायचा.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ‘उद्या सगळ्यांनी नवा स्वेटर घालून या’ ही सूचना वर्गातल्या प्रत्येकाला सारखी लागू होत नाही. शरणपूर रोडच्या तिबेटी बाजारातून दर वर्षी नवा स्वेटर येणारी मुलं असतात, तशी थोरल्या भावाच्या उसवलेल्या स्वेटरवर भागवणारीही असतात. दिवाळीनंतर उसाच्या फडाशेजारी पालं पडतात. तिथल्या मुलांची थंडी शेकोटीजवळची आणि मातीवरच्या गोधडीतली असते. ऊब कशाकशाची मिळते, असं विचारलं तर गोधडी, घोंगडी, चूल, आईची कूस, शेळीचं करडू अशी सगळी उत्तरं येतात आणि सगळीच बरोबर असतात. शाळेची वेळही याच हिशेबात बसते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश राज्याच्या शिक्षण विभागाने २०२४ मध्ये काढला तो मुलांच्या झोपेसाठी. नाशिकच्या जानेवारीत तो थंडीसाठीही उपयोगी आहे.

थंडी चांगली की वाईट?

शेवटचा धडा वर्गाबाहेरचा. मोठ्या शिशूतल्या किंवा पहिलीतल्या मुलांना एक प्रश्न देऊन पाठवावं: यंदाची थंडी चांगली की वाईट? तो ओळखीच्या तीन माणसांना विचारायचा आणि उत्तर वर्गात येऊन सांगायचं.

द्राक्षबागायतदार काका कपाळाला हात लावतील. ऑक्टोबर छाटणीची बाग जानेवारीत भरात असते. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, भुरी रोग वाढतो आणि पारा फारच घसरला तर पक्व मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबकने पाणी सोडलं जातं. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं. हात घातला की मुलांनाही ते कोमट लागतं. शेजारच्याच वावरातला गव्हाचा शेतकरी मात्र खूश असेल. गव्हाला फुटवे चांगले यायला थंडीच हवी. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, ते उगाच नाही. उन्हाळ कांद्याची लागवड करणारी मावशी म्हणेल, थंडी हवी, पण फार लांबली तर कांद्याला डेंगळे येतात. स्वेटर विकणाऱ्याला ती आणखी महिनाभर हवी असेल आणि रात्रपाळीच्या वॉचमन काकांना आजच संपायला हवी असेल.

मुलं परस्परविरोधी उत्तरं घेऊन येतील आणि कुणाचं खरं यावरून वर्गात भांडतील. बाईंनी निकाल देऊ नये. काकांची बाग, मावशीचं वावर आणि वॉचमन काकांची खुर्ची फळ्यावर शेजारी शेजारी काढावी आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या चित्राखाली लिहावं.